नावाचे किती, हिऱ्याचे किती?

वाचकांचे प्रश्न : रत्ने आणि दागिने

प्रश्न : माझा साखरपुडा फेब्रुवारीत आहे. होणाऱ्या पत्नीला टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांची, एकाच हिऱ्याची अंगठी फार आवडते आणि ती त्याच दुकानातून घ्यावी, असे माझ्या मनात आहे. त्यासाठी सात लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. वडिलांचे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत आपल्या नेहमीच्या सराफाकडे बराच मोठा हिरा येईल आणि पुढेमागे मोडायची वेळ आली तर पैसेही बरे येतील. त्यांचे म्हणणे खरे आहे का? दुकानात मी नेमके काय पाहावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या वडिलांचा हिशेब बरोबर आहे, फक्त ते हिऱ्याची किंमत करीत आहेत आणि तुम्ही अंगठीची. जगप्रसिद्ध घराण्याच्या दुकानात दिलेल्या पैशांत हिरा, धातू आणि घडणावळ यांच्याबरोबरच त्या घराण्याचे नाव, निवडीतला काटेकोरपणा, दुकानाचा थाट आणि विक्रीनंतरची सेवाही येते, आणि या शेवटच्या गोष्टींचे पैसे अंगठी विकताना सहसा कोणी देत नाही. म्हणून आधी एक साधे काम करावे. दुकानात आवडलेल्या हिऱ्याचे वजन, रंग, शुद्धता आणि घाट (इंग्रजीत ‘कट’) लिहून घ्यावा, अगदी त्याच प्रतीच्या हिऱ्याचा भाव दोन पेढ्यांवर विचारावा आणि त्यात धातू व घडणावळ मिळवावी. उरलेला फरक म्हणजे नावाची किंमत. ती दोघांनी मिळून पाहावी आणि मग खुशाल मोजावी किंवा मोजू नये. माझे मत विचाराल, तर हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे, पण तो फरक भरण्यासाठी कर्ज काढावे लागणार असेल तर ती अंगठी घेऊ नये.

नावामागे काहीच नसते, असे मात्र समजू नये. सहा काट्यांनी हिरा पट्टीच्या वर उचलून धरायचा आणि त्याला खालून व बाजूंनी उजेड मिळू द्यायचा, ही रचना टिफनीने १८८६ मध्ये बाजारात आणली. एकाच हिऱ्याची अंगठी म्हटल्यावर आज जी आकृती डोळ्यांपुढे येते ती मुख्यतः तिथली. तशी अंगठी आता झवेरी बाजारातला कुशल कारागीरही घडवून देतो, आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रामधून हिऱ्यांचे दागिने अमेरिकेला जातात ते काही उगाच नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलात तर परदेशी घराण्यांची झगमगती दालने आणि हिऱ्यांच्या घाऊक व्यापाराचे भारत डायमंड बोर्स एकाच परिसरात आहेत. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, त्यामुळे परदेशी डबीतला हिराही आपल्याकडूनच जाऊन आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

आता दुकानात काय पाहावे ते सांगतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा वजन विचारते, पण हिऱ्याचे तेज ठरते ते घाटावर, म्हणजे पैलू किती अचूक कोनांत पाडले आहेत यावर. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. खालचा भाग प्रमाणाबाहेर खोल ठेवला, तर वरून आत गेलेला उजेड परत डोळ्यांकडे न येता बाजूने निसटतो, आणि हिऱ्याचे वजन पोटात दडून राहते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्या वजनाचा नीट घडवलेला गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो. खोल घडवलेला तेवढ्याच वजनाचा हिरा सव्वासहाही भरत नाही. हे माप प्रमाणपत्रावर छापलेले असते आणि ते विचारायला संकोच करू नये. घाटाच्या रकान्यात ‘एक्सलंट’ असेल तरच पुढे बोलावे. दुसरे म्हणजे, दालनातले दिवे हिरा चमकावण्यासाठीच लावलेले असतात, तेव्हा अंगठी घेऊन खिडकीपाशी जावे, तळहाताची सावली करून पाहावे आणि मग साध्या ट्यूबलाइटखाली पाहावे. सावलीतही जिवंत वाटतो तो हिरा चांगला.

वजनाच्या बाबतीत एक युक्ती आहे. पूर्ण एक कॅरटला भाव एकदम उडी घेतो, कारण साऱ्यांना तोच आकडा हवा असतो. नव्वद-ब्याण्णव सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरट) हिरा घेतला तर रुंदीत सुमारे पाव मिलिमीटरचा फरक पडतो. तो बोटावर कोणाच्या लक्षात येत नाही, बिलावर मात्र चांगलाच दिसतो. रंगाची प्रतवारी ‘डी’ (रंगहीन) पासून ‘झेड’ (पिवळसर) पर्यंत जाते. प्लॅटिनममध्ये ‘एफ’ किंवा ‘जी’ घ्यावा, पिवळ्या सोन्यात ‘एच’ही शोभतो. शुद्धतेत ‘व्हीएस’, म्हणजे अगदी किरकोळ दोषांची, प्रत पुरेशी आहे, कारण तिच्यातले दोष दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्याहून वरच्या प्रतीला दिलेले पैसे कागदावरच राहतात.

प्रमाणपत्र जीआयएचे, म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे, असेल तर उत्तम. काही घराणी, त्यांत टिफनीही आली, स्वतःच्या प्रयोगशाळेत प्रतवारी करून स्वतःचे प्रमाणपत्र देतात. ते खोटे नसते, पण विकणाराच परीक्षक असल्याने पुढे दुसरा सराफ त्याला किती मान देईल, हे त्याच्या मर्जीवर राहते. जीआयएच्या हिऱ्याच्या कडेवर अहवालाचा क्रमांक लेसरने कोरलेला असल्यास तो भिंगातून दाखवायला सांगावा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा. बिलात हिऱ्याचे वजन व प्रत, धातूचे निव्वळ वजन आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्यावे. सोने अठरा कॅरटचे (इथे कॅरट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता) असेल तर ७५० चा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दोन लाखांच्या पुढच्या खरेदीला पॅन लागतोच, आणि तेवढी रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे.

मोडीबद्दल वडिलांशी मी सहमत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पेढ्या स्वतः विकलेला हिरा ठरलेल्या टक्क्यांनी परत घेतात किंवा बदलून देतात. ही अट बिलावर लिहून घ्यावी. परदेशी घराण्याकडे तशी सोय आहे असे गृहीत धरू नये. बोटाचे माप संध्याकाळी घ्यावे, सकाळी बोट बारीक असते. माप चुकल्यास विनामूल्य बदलून मिळेल का आणि काटे सैल झाल्यास दुरुस्ती मुंबईत होईल की अंगठी परदेशी पाठवावी लागेल, हेही पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : मुलाच्या साखरपुड्यासाठी सुनेने प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा निवडला आहे. तो खोटा समजायचा का? आणि चारचौघांत तो ओळखू येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तो खोटा नाही. तोही कार्बनच आणि तितकाच कठीण. डोळ्यांनी किंवा भिंगाने तो ओळखता येत नाही, त्यासाठी खास यंत्रे लागतात. हिरा की काच हे सांगणारे सराफाच्या हातातले छोटे उपकरणही त्याला हिराच म्हणते. फरक भावात आहे. गेल्या काही वर्षांत या हिऱ्यांचे दर इतके घसरले आहेत की, मोडीची आशा धरून तो घेऊ नये. मोठा, सुंदर हिरा घालायला मिळावा म्हणून घ्यायचा असेल तर हरकत काहीच नाही. बिलावर आणि प्रमाणपत्रावर ‘प्रयोगशाळेत निर्मित’ असे स्पष्ट असावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते साखरपुड्याच्या आधीच सांगून टाकावे.