घरी आई अंथरुणाला खिळलेली असताना वॉर्डात माया कुठून आणायची?

तुम्ही स्टाफ नर्स, घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि विचारताय की पेशंटसाठी माया कुठून आणू. माया आटेल ही भीती काढून टाका. घरची काळजी डोक्यात असली की आधी माया जात नाही, लक्ष जातं. डोक्यावरून हात फिरतोच, डोस चुकतो.

इन्सुलिनचंच बघा. ट्रेमध्ये लाल टोपणाची 40 ची (मिलीला 40 युनिट) सिरिंज आणि केशरी टोपणाची 100 ची (मिलीला 100 युनिट). 100 ची व्हायल (औषधाची बाटली) 40 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढली, तर अर्धा मिली येतं. म्हणजे 20 नाही, 50 युनिट. पहाटे पेशंट घामाने थबथबतो आणि शुगर खाली गेलेली असते. म्हणून अशा दिवशी ओव्हर घेतानाच, म्हणजे आधीच्या पाळीकडून काम हाती घेताना, इन्चार्ज सिस्टरना सांगा, "आज औषधांची ट्रॉली मला नको." द्यावीच लागली तर इन्सुलिन, हेपारिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम क्लोराइड अशी चुकली तर जिवावर बेतणारी औषधं दुसऱ्या सिस्टरला दाखवून, मोठ्याने वाचूनच. बदल्यात स्पंजिंग (अंग पुसणं) आणि बॅक केअर (पाठीची निगा) मागून घ्या.

"घरचं घरी ठेवून या" म्हणणाऱ्या मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख) मला साफ चुकीच्या वाटतात. सांगायची सोय नसली की सिस्टर गप्प राहते, आणि गप्प राहिलेली चूक पेशंटला भोवते.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना 1973 ते 2015 सांभाळलं. सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या निकालात, त्यांना एकही बेडसोर (झोपून राहून होणारी जखम) झाला नाही याची दखल आहे. इतक्या वर्षांत किती सिस्टर आल्या, निवृत्त झाल्या. त्यांच्याही घरी आजारपणं, मरणं झालीच असणार. तरी काम थांबलं नाही, कारण माया कामाच्या रीतीत मुरलेली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, 30 अंश तिरकं, पाठीमागे उशी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघींनी ड्रॉशीटने (पेशंटखालच्या आडव्या चादरीने) उचलायचं. ओढलं की माकडहाडावरची कातडी आतून फाटते. लाल झालेली जागा चोळू नका. जुन्या सिस्टर अजून स्पिरिट-पावडरने चोळायला सांगतात, त्याने इजा वाढते. बोटाने दाबा, लाली पांढरी झाली नाही तर सोअर सुरू झालाय, त्या बाजूवर पुन्हा झोपवू नका.

आईचंही हेच करा. रात्रपाळीला तुम्ही नसताना कूस कोण बदलणार, ते आधी ठरवा.

औषध दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं, हे दुसरी सिस्टर हजर असेल तिथलं. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री तुम्ही एकट्याच असाल तर आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन लावून डोस वाचून दाखवा, त्यांची झोपमोड झाली तरी. आणि झोप, भूक दोन आठवडे उडालेलीच असेल तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.