पेन्सील घरी ठेवून ये

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात तू परत केलेली कादंबरी मांडणीवर लावताना सहज चाळली. पहिल्या 40 पानांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, समासात बारीक अक्षरात ‘महत्त्वाचे’, ‘स्वभावविशेष’ असे शेरे होते आणि त्यापुढचे पुस्तक कोरे करकरीत होते. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिल्याबद्दल खरे तर तुला रागवायला हवे होते. पण बालविभागाची सभासद असताना एका दिवसात दोन पुस्तके बदलून नेण्यासाठी माझ्याशी हुज्जत घालणारी मुलगी आता ‘सर, दहा पाने वाचली की झोप येते’ असे म्हणते, तेव्हा रागावण्यापेक्षा पत्र लिहिणे मला बरे वाटले.

हा आळस नव्हे. अभ्यासिकेत सकाळी आठला येऊन दिवे मालवेपर्यंत बसणाऱ्या मुलीला आळशी कोण म्हणेल? गेली काही वर्षे प्रत्येक परिच्छेद वाचताना ‘यावर प्रश्न कसा येईल?’ हे स्वतःला विचारण्याची तुला सवय लागली आहे. परीक्षेसाठी ती सवय मोलाची आहे, मात्र गोष्ट वाचतानाही ती सुटत नाही. कथेत पाऊस आला की तू ‘वातावरणनिर्मिती’ असे टिपून मोकळी होतेस, भिजत नाहीस.

माझेही एकदा असेच झाले होते. ग्रंथालयशास्त्र शिकत असताना पुस्तक हाती आले की शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, वर्गांक एवढे पाहून मी पुढचे उचलत असे, आणि सबंध पुस्तक वाचल्याला वर्ष उलटून गेले तरी ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यातून मला दिवाळी अंकांनी सोडवले. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली ही रीत वाचनाची गोडी परत लावण्यासाठी मला फार सोयीची वाटते, कारण अंक कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी व्यंगचित्रे, मग मधलीच एखादी कथा, ती रेंगाळली तर सरळ राशिभविष्य (विश्वास असो वा नसो), आणि त्यातूनच कधीतरी एखादा लांबलचक लेख संपवूनच आपण मान वर करतो. मागच्या तीन वर्षांचे अंक खिडकीजवळच्या कपाटात आहेत. सुरुवात तिथून कर.

रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असा एक नियम आहे. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो की, वाचकाला चांगला ग्रंथ द्यावा असे तो म्हणत नाही, त्याचा ग्रंथ द्यावा असे म्हणतो. तेव्हा रहस्यकथा न्यावीशी वाटली तर ती ने, आणि मैत्रिणींच्या ‘वाचलेच पाहिजे’ अशा याद्या तूर्त बाजूला ठेव. तिसाव्या पानावर कंटाळा आला तर पुस्तक खुशाल परत आण. आपल्याकडे उशिराचा दंड आहे, अर्धवट वाचल्याचा नाही. वाचायला मात्र अभ्यासाच्या टेबलाशी बसू नकोस. तिथे बसलीस की हात आपोआप पेन्सिलीकडे जाईल. गच्चीत, ओट्यावर, बसच्या रांगेत, कुठेही चालेल. आणि किती पाने झाली ते मोजू नकोस.

सातवीत तू तीनदा नेलेले ते साहसकथांचे पुस्तक बांधणीहून परत आले आहे. पाठीला नवे कापड लागले आहे, पण तारखांची जुनी चिठ्ठी मी काढू दिली नाही. ते तुझ्यासाठी बाजूला ठेवले आहे. शनिवारी ये, आणि येताना खोडरबर आण. त्या कादंबरीची 40 पाने तुलाच साफ करायची आहेत.

तुझा,
ग्रंथपाल काका