मुलगा सहावीत आहे, वर्गशिक्षिकांनी शाळेच्या समुपदेशकांना भेटायला सांगितलंय. त्याच्यावर शिक्का तर बसणार नाही ना?

जरूर भेटा, शिक्क्याची भीती मनातून काढा. तोंडी उत्तरं फडाफडा देणारं पोर वहीत ‘ब’ आणि ‘भ’ची गल्लत करतं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतं, आणि घरी त्याला आळशी म्हटलं जातं. समुपदेशक नेमकं इथे थांबून बघतात: लक्ष लागत नाही, अक्षरंच जुळत नाहीत, की मधल्या सुट्टीत कुणी छळतंय? त्यासाठी ते मुलाशी, तुमच्याशी, शिक्षकांशी वेगवेगळं बोलतात. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाण्याची, शंका आली तर तपासणीला पाठवतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण त्यासाठी दहावीची वाट बघू नका, आत्ताच हालचाल करा.

औषधं समुपदेशक देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. मुलाने सांगितलेलं ते सहसा कुणाला सांगत नाहीत. मात्र लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, आणि ते योग्यच आहे.

भेट लवकर मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.