बेल्जियमची शरणागती आणि डावी बगल

प्रश्न : १९४० मध्ये बेल्जियमच्या राजाने अचानक शस्त्रं खाली ठेवली आणि म्हणून ब्रिटिश सैन्य डंकर्कला कोंडलं गेलं, असं माझा मित्र ठासून सांगतो. खरं का हे?

उत्तर : मित्राचा क्रम उलटा आहे. जर्मन रणगाडे २० मेलाच समुद्राला भिडले होते, म्हणजे ब्रिटिशांची कोंडी तेव्हाच झाली होती आणि ब्रिटिशांची माघारीची मोहीम २६ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाली. बेल्जियमची शस्त्रसंधी २८ मेच्या पहाटे चारची! 'अचानक'ही नव्हे. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने २५ मेलाच इंग्लंडच्या राजाला पत्राने कल्पना दिली होती. तरी ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड गॉर्टला पक्की बातमी कळली ती २७ तारखेच्या रात्री अकराच्या सुमारास. आता ब्रिटिशांच्या डाव्या बगलेला, बेल्जियममधल्या ईप्र गावापासून समुद्रापर्यंत, सुमारे ३२ किलोमीटर फळीत माणूसच उरणार नव्हता.

हे खिंडार निम्मं तरी भरलं गेलं ते गॉर्टच्या हाताखालच्या जनरल ॲलन ब्रुकमुळे. बेल्जियन फळी टिकत नाही हे ओळखून त्याने त्याच रात्री माँटगोमेरीची तिसरी डिव्हिजन रूबेजवळून काढून ईप्रच्या उत्तरेला धाडली. तीही लढाई चालू असलेल्या आघाडीच्या अगदी पाठीमागून, गाड्यांचे दिवे बंद ठेवून.

मी नोकरीत असे बिनदिव्यांचे ताफे नेलेत. पुढची गाडी किती लांब आहे हे डोळ्यांना कळतच नाही; तिने ब्रेक दाबला हे कळतं तेव्हा आपलं बंपर तिच्यात घुसलेलं असतं. माँटगोमेरीने प्रत्येक गाडीचा मागचा डिफरन्शियल (मागच्या आसाच्या मध्यावरचा गिअरचा गोळा) पांढरा रंगवून घेतला होता आणि त्यावर उजेड पडेल असा एक झाकलेला छोटा दिवा गाडीखाली लावला होता. मागच्या ड्रायव्हरला तो पांढरा ठिपका दिसे, वरून विमानाला काही नाही. हिवाळाभर या चालींचा सराव करून घेतल्याने पहाटे डिव्हिजन जागेवर होती.

तिच्या उत्तरेला मात्र मोकळंच. तिथे बाराव्या लान्सर्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या चिलखती गाड्या धावल्या. डिक्समुइडेचा पूल जर्मन पोहोचण्याच्या जेमतेम आधी उडवला. न्यूपोर्टचा राहिला, कारण जर्मन आधीच तिथे होते. १९१४ मध्ये याच न्यूपोर्टच्या कालव्यांची झडपं उघडून बेल्जियनांनी भरतीचं पाणी आत घेतलं होतं आणि इझेर नदीच्या काठावर जर्मनांना चार वर्षं रोखलं होतं. फ्रेंच पंतप्रधान रेनो याने २८ मेला रेडिओवरून लिओपोल्डवर आगपाखड केली, तेव्हा हे त्याला आठवलं नसावं.