वाचक कुठून येतात

सांगली, मार्गशीर्ष

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. द्राक्षबागेची फळछाटणी उरकली, घड औषधात बुडवायचं डिपिंग झालं, मण्यांची विरळणी चालू आहे, आणि त्या धांदलीतही तू दर आठवड्याला फेसबुकवर लिहितेस. तरी वाचणारे कोण, तर दोन आत्या, एक मामा आणि कॉलेजातल्या मैत्रिणी. हे तुला लागलंय. फेसबुकवर किती वाजता टाकावं, कुठले हॅशटॅग लावावेत, रील करू का, असं विचारलंयस. त्याची उत्तरं लहान आहेत. रात्री जेवणं आटोपून माणसं फोन हातात घेतात तेव्हा टाक. हॅशटॅगच्या नादाला लागू नकोस. रील तुला मनापासून करावीशी वाटली तरच कर. पण यातल्या कशानंही तुझं काम होणार नाही, म्हणून हे लांब पत्र.

तुझ्या लिखाणात खोट नाही, हे आधी सांगतो. विरळणीला आलेल्या बायका कात्रीनं मणी काढता काढता लेकी-सुनांच्या गोष्टी करतात आणि त्यातली एक जण मात्र अख्खी ओळ संपेपर्यंत तोंड उघडत नाही, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. असं बघणाऱ्या मुलीला वाचक मिळालेच पाहिजेत. पण ते वाचक आत्ता या घडीला दुसऱ्या कुणाचं तरी वाचत बसलेत. तिथं तुला जायला हवं, आणि जाताना स्वतःचं लिखाण घरी ठेवून जायला हवं.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर मी एकदा लिहिलं होतं. हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे पेवाची माहिती मला तोंडपाठ. जमिनीत खोल खणलेलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत हळद भरून ते बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं बाद झाली. लेखाखाली ‘छान माहिती’, ‘अप्रतिम’ असं बरंच आलं. एका बाईंनी मात्र लिहिलं की त्यांचे वडील पेवात उतरणारे हमाल होते. पेव उघडलं की आतली कोंदट हवा जाईपर्यंत थांबावं लागायचं, तेवढ्या वेळात वडील काठाशी बसून तंबाखू मळायचे. संध्याकाळी त्यांच्या आंघोळीचं पाणी मोरीतून पिवळंधमक वाहायचं, आणि आई त्यांचे कपडे बाकीच्या धुण्यात कधी मिसळू द्यायची नाही. शेवटी विचारलं होतं, ‘तेव्हा हमाली पोत्यावर मिळायची की पेवावर, तुमच्या जुन्या वह्यांत सापडेल का?’

त्यात ‘माझंही वाचा’ नव्हतं. मी त्याच रात्री त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांचं होतं नव्हतं ते सगळं वाचून काढलं. त्या मिरजेच्या. लिहितात शिवणकामावर, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आज त्यांचं एकही लिखाण मी चुकवत नाही, आणि मार्केट यार्डातली माझ्या ओळखीची कितीतरी माणसं माझ्यामुळे त्यांना वाचायला लागली. वाचक मिळावेत म्हणून त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. बापाला घामाचा काय भाव मिळत होता, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी वह्या काढून शोधून दिलं.

सौद्याला आलेला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. दुसऱ्याच्या लेखाबद्दल बोलताना आपणही तेवढं करावं. लेख शेवटपर्यंत वाच. कुठल्या ओळीपाशी थांबलीस, तुला त्यातलं आधी काय ठाऊक नव्हतं, लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं तुझ्याकडे काय आहे, कुठला प्रश्न मनात राहिला, यातलं एक काहीतरी लिही. समज, एखाद्या मुलानं त्यांच्या बेदाणा शेडवर लिहिलंय. ‘मस्त लिहिलंय दादा’ म्हटलंस तर तो लाइकचा अंगठा टाकील आणि विसरून जाईल. पण ऐन वाळवणीत आभाळ भरून आलं की रॅकवरचा माल काळपट पडायची भीती असते, हे तू घरात बघितलंयस. तेव्हा विचार, ‘तसल्या दिवसांत तुम्ही काय करता? आमच्याकडे आई रात्री उठून ताडपत्र्या सोडते.’ आता त्या मुलाला तू कोण आहेस ते कळलं. तो तुझ्या नावापर्यंत आपण होऊन येईल. आला नाही तरी त्याच्याकडून तुला काहीतरी कळेल, आणि तुझ्या पुढच्या लेखाला ते उपयोगी पडेल.

कुणाकडे जायचं, तेही बघून ठरव. ज्यांच्या एका ओळीखाली हजार-हजार माणसं गोळा होतात त्यांच्याकडे रोज हजेरी लावू नकोस, त्या गर्दीत तुझं म्हणणं कुणापर्यंत पोचत नाही. तुझ्यासारखीच धडपडणारी दहा-बारा माणसं हेर. नाशिककडचा एखादा बागायतदार, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेलं कुणी, ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांवर लिहिणारी एखादी शिक्षिका. सगळी द्राक्षवालीच नकोत. त्यांचं जुनं लिखाणही मागे जाऊन वाच. हे वर्षभर चालू दे. आवडलं नाही तर गप्प राहा, खोटं कौतुक एकदा जरी केलंस तरी तुझं पुढचं खरं कौतुक स्वस्त होतं. माहिती चुकलेली दिसली तर ‘तुम्ही’ म्हणून, कारण देऊन सांग. आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन आपलंच घोडं पुढे दामटू नकोस. लेखाखाली आपल्या लेखाची लिंक चिकटवणारे, ऐंशी जणांना टॅग करणारे लोक तू बघितलेच आहेस. माणसं त्यांना तोंडावर काही बोलत नाहीत, गुपचूप त्यांचं वाचणं बंद करतात.

तू कंप्युटर शिकलेली आहेस, तेव्हा हेही माहीत असू दे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की यापुढे माणसामाणसांतल्या खऱ्या बोलण्याला जास्त जागा देऊ, पेजेसच्या जाहिरातीसारख्या मजकुराला कमी. त्याच्या आदल्याच महिन्यात, लाइक-शेअर-टॅगची भीक मागणाऱ्या पोस्ट मागे ढकलू, असंही त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे यंत्रालासुद्धा संभाषण हवंय. पण यंत्रासाठी म्हणून कुणाशी बोलायला जाऊ नकोस. समोरच्याला ते पहिल्या ओळीत कळतं, आणि यंत्राचे नियम तर उद्या बदलतील.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला तेव्हा तू शाळेत असशील. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, सगळीकडे पाणी. तेव्हा माझ्या ओळखीचा एक तरुण फोनवरून दर काही तासांनी लिहीत होता, पुलाशी पातळी किती, कोयना धरणातून विसर्ग किती, कुठला रस्ता अजून उघडा आहे. असं लिहिणारे बरेच होते. पण हा मुलगा खाली आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. ‘आजी दुसऱ्या मजल्यावर एकट्या आहेत, बोट कुणाला सांगू?’ याला उत्तर. ‘पुण्याहून निघालोय, गाडी कुठपर्यंत येईल?’ यालाही उत्तर. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणायचा, आणि विचारून सांगायचा. पाणी उतरल्यावर त्यानं परत आपल्या आवडीचं, नदीकाठच्या पक्ष्यांवरचं लिहायला घेतलं, तेव्हा ती सगळी माणसं तिथंच होती. खंड्या आणि बगळ्यांत त्यांना आधी किती रस होता कोण जाणे, आता ती ते आवडीनं वाचतात.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. फॉरवर्ड होऊन लेख गावभर फिरतो, पण फिरता फिरता लेखकाचं नाव गळतं आणि खाली ‘साभार’ किंवा ‘लेखक अज्ञात’ उरतं. शिवाय २०२० पासून वारंवार फॉरवर्ड झालेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तेव्हा त्यावर फार विसंबू नकोस. मात्र दुसऱ्याचं काही पाठवशील तेव्हा नाव शोधून, नावासकट पाठव, आणि का पाठवतेयस ते एका ओळीत लिही. आपल्याकडे हे फार कमी लोक करतात, आणि ज्याचं नाव तू राखलंस तो माणूस तुला विसरत नाही.

आता तुझ्या आत्या. त्यांना तू हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी होतेस, ते मला आवडलं नाही. धाकट्या आत्यांनी परवा लिहिलंय, ‘त्या तुकड्यात पूर्वी शाळू असायचा.’ एवढं सोन्यासारखं वाक्य आणि त्याला तू ‘थँक्यू आत्या’ म्हणालीस! शाळू कधी गेला, पहिली वेल कुणी लावली, बहात्तरच्या दुष्काळात त्या रानात काय होतं, विहिरीला पाणी किती होतं, विचार ना. तिथं सगळ्यांसमोर विचार. त्या सांगतील, ते वाचून दुसऱ्या कुणाची तरी आत्या सांगेल. जे वाचक आहेत त्यांच्याशी तू नीट बोललीस तरच नव्या माणसाला तिथं बसावंसं वाटेल. आणि कुणी तुझी माहिती दुरुस्त केली तर लेखात बदल करून त्यांचं नाव घाल.

या सगळ्याला वेळ लागतो. लिहिण्याइतकाच वेळ वाचण्याला आणि उत्तरं देण्याला जाईल, काही आठवडे लिहिणं मागे पडेल, चालेल. काहींकडून वर्षभरात अवाक्षर येणार नाही. जन्मभर जमाखर्च लिहिलेला माणूस तुला सांगतोय, या देण्याघेण्याची वही घालू नकोस.

संक्रांतीला मी दरवर्षीप्रमाणे औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जाणार आहे. तू ये. या खेपेला वाचायला काही आणू नकोस, वही आण. कृष्णाकाठच्या गावांतून लिहिणारी माणसं येतात, त्यांचं ऐक, आणि जे आवडेल ते त्यांना तिथल्या तिथं, मांडवाबाहेर गाठून सांग. बागेत काम असेल तर बाबांना विचारून घे. तासगावहून निघताना फोन कर, मी भिलवडीला थांबतो.

तुझा,
काका