तुमचे प्रश्न, आमची खटपट : एका भाषेचं दुसरीशी जुळवताना

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याची आहेत, म्हणजे एका बाजूला पायथन नाहीतर लुआ, दुसऱ्या बाजूला सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान, आणि मधे डोकं धरून बसलेले आपण. म्हणून हे सदर अख्खं त्यालाच दिलंय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पत्रं जपून ठेवलीत.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सेन्सरचं रीडिंग साफ करणारी एक सी लायब्ररी मिळालीय, ती पायथनमधून सीटाइप्सने (सी ची फंक्शन्स बोलावायचं पायथनचं मॉड्यूल) कॉल करतेय. एक फंक्शन डबल (दशांश आकडा) घेतं आणि डबलच परत देतं, पण उत्तर म्हणून भलताच पूर्णांक येतो. दुसरं एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतं, तो पुढच्या फंक्शनला दिला की थेट सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश. मैत्रिणीच्या जुन्या मशीनवर पॉइंटरवालं चालतं!! लायब्ररीत बग आहे का?

उत्तर : लायब्ररीला दोष देऊ नकोस, तिची काही चूक नाही. सीटाइप्स २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून सोबतच येतं, सोयीचं आहे, पण ते तुझी हेडर फाइल वाचत नाही. त्याला फक्त फंक्शनचं नाव सापडतं. ते काय घेतं, काय देतं हे तू सांगितलं नाहीस तर ते गृहीत धरतं की इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत येणार. आता नेहमीच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर डबलचं उत्तर एका रजिस्टरमधे येतं आणि इंटचं वेगळ्याच रजिस्टरमधे. सी ने उत्तर बरोबर ठेवलंय, पायथन भलत्याच खिशात हात घालून जे मिळेल ते बाहेर काढतंय, म्हणून तो पूर्णांक.

पॉइंटरचं पण तेच, फक्त जास्त वाईट. पत्ता ६४ बिटचा, वाचला ३२ बिटचा इंट म्हणून, वरचा अर्धा भाग गेला. तो अर्धवट पत्ता तू पुढच्या फंक्शनला देतेस आणि घर सापडत नाही. मैत्रिणीकडे ३२ बिटचं पायथन असणार, तिथे पत्ताच ३२ बिटचा, म्हणून तिचं निभावतंय. तेव्हा प्रत्येक फंक्शनला रेसटाइप (काय परत येतं) आणि आर्गटाइप्स (काय आत जातं) दोन्ही लिही. दोन्ही म्हणजे दोन्ही, कारण बरेच जण पॉइंटरसाठी रेसटाइपला व्हॉइड पॉइंटर सांगतात आणि तिथेच थांबतात, मग तो पत्ता पायथनमधे साधा आकडा बनून येतो आणि परत आत पाठवताना आर्गटाइप्स नसेल तर पुन्हा इंट होऊन कापला जातो. आगीतून फुफाट्यात.

तुझ्या पत्रात नाही पण पुढे लागेल असं एक. ही लायब्ररी कधी स्ट्रिंग परत देत असेल आणि 'वापरून झाली की फ्री करा' असं म्हणत असेल तर रेसटाइप कॅरेक्टर पॉइंटर देऊ नकोस. सीटाइप्स त्याची लगेच पायथनची बाइट्स बनवून देतं आणि मूळ पत्ता हातातून जातो, मग फ्री करणार काय? व्हॉइड पॉइंटर घे, मजकूर स्वतः वाच, आणि फ्री करायला त्याच लायब्ररीने दिलेलं फंक्शन वापर. आपलं दुसरं कुठलं तरी फ्री चालेलच असं नाही, विंडोजवर तर दोन डीएलएल दोन वेगळे सी रनटाइम घेऊन बसलेले असू शकतात, एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडली की खेळ खल्लास. ज्याने घेतली त्यानेच सोडायची.

याच बाबतीत मी स्वतः दोन दिवस घालवलेत. सी ला पायथनचं एक फंक्शन कॉलबॅक म्हणून, म्हणजे सी ने उलट बोलवायला, दिलं होतं, पहिले काही कॉल मस्त, मग कधीतरी अचानक क्रॅश, कधी दहाव्याला कधी हजाराव्याला. कारण कॉलबॅकचा ऑब्जेक्ट मी कॉलच्या कंसातच बनवला होता, कुठल्या व्हेरिएबलमधे ठेवलाच नव्हता. पायथनला वाटलं याचं कुणी नाही, त्याने उचलून टाकला, सी मात्र जुन्या पत्त्यावर जात राहिलं. एका ग्लोबल लिस्टमधे टाकून ठेवला, संपलं.

प्रश्न : आमचा सी प्लस प्लसमधला मोठा प्रोग्रॅम आहे. युजर लोकांना त्यांचे छोटे छोटे नियम स्वतः लिहिता यावेत, दर वेळी आम्ही कंपाइल करून द्यायला नको, अशी मागणी आहे. टीममधे भांडण चालू आहे, अर्धे म्हणतात पायथन घाला, अर्धे म्हणतात लुआ. तुम्ही निकाल द्या.

उत्तर : निकाल देतो, पण आधी तुमच्या टीमने दोन गोष्टींची गल्लत केलीय का बघा. पायथनच्या प्रोग्रॅममधे सी ची लायब्ररी घेणं वेगळं आणि सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅमच्या पोटात इंटरप्रिटर बसवणं वेगळं. पहिल्यात मालक पायथन, दुसऱ्यात मालक तुम्ही. तुमचा प्रकार दुसरा आहे, आणि त्यासाठी माझं मत लुआला.

ही मागणी काही नवी नाही हो. १९८८ च्या सुमाराला बर्कलीत जॉन ऑस्टरहाउट चिप डिझाइनची टूल्स बनवत होते, प्रत्येक टूलला आपली एक लंगडी कमांड भाषा असायची, त्याला कंटाळून त्यांनी कुठल्याही प्रोग्रॅममधे बसवता येईल अशी एकच भाषा लायब्ररी म्हणून लिहिली, ती टीसीएल. लुआ १९९३ ची, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातली, पोर्तुगीजमधे लुआ म्हणजे चंद्र. दुसऱ्याच्या घरात राहायचं हे तिच्या रक्तातच आहे, सगळी भाषा काहीशे केबीत मावते आणि साध्या सी मधे लिहिलेली आहे. रेडिस या डेटाबेसने २०१२ साली २.६ आवृत्तीत स्क्रिप्टिंग आणलं ते लुआचंच, आणि गेम्समधे तर ती कुठे कुठे आहे ते विचारू नका. पायथन पोटात घालता येतं, लोक घालतातही, पण मग त्याची स्टँडर्ड लायब्ररी सोबत न्या, आवृत्त्या सांभाळा, थ्रेड असतील तर जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) कोणाच्या हातात आहे ते बघत बसा. तुमच्या युजरना नमपाय (आकड्यांच्या अ‍ॅरेंची पायथन लायब्ररी) वगैरे हवंच असेल तरच तो संसार मांडा.

लुआची गंमत अशी की सी कडे लुआची व्हॅल्यू थेट कधी येतच नाही, मधे एक स्टॅक असतो. फंक्शन स्टॅकवर ठेवा, मग त्याचे आर्ग्युमेंट्स ठेवा, कॉल करा, उत्तर वरच्या टोकाला म्हणजे उणे १ नंबरवर मिळतं, ते वाचा आणि काढून टाका. सुरुवातीला हे म्हणजे चिमट्याने भात खाल्ल्यासारखं वाटतं, पण यामुळेच लुआच्या कचरा गोळा करणाऱ्याला (गार्बेज कलेक्टरला) कळत राहतं की कोण अजून वापरात आहे. काढून टाकायला विसरलात तर मात्र स्टॅक भरतो, सी फंक्शनला २० जागांची हमी असते, जास्त हव्या तर आधी मागून घ्यायच्या. स्ट्रिंगचा पॉइंटर मिळतो तो सुद्धा ती स्ट्रिंग स्टॅकवर आहे तोवरच धरून चाला, पुढे लागणार असेल तर कॉपी करा.

आणि घोडं पेंड खातं ते एररमधे. युजर चुका करणारच, म्हणून त्यांचा कोड कायम पीकॉलमधूनच (एरर पकडून तुमच्या हातात देणारा कॉल) चालवा, साधा कॉल वापरलात आणि एरर आली तर लुआ तुमचा अख्खा प्रोग्रॅम बंद करते. त्याहून कपटी भाग म्हणजे साध्या सी मधे कंपाइल केलेली लुआ एरर आली की लाँगजंप मारते, म्हणजे मधल्या सगळ्या फंक्शनवरून उडी. तुमच्या फंक्शनमधे सी प्लस प्लसची स्ट्रिंग किंवा उघडी फाइल असेल तर तिचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारं फंक्शन) चालतच नाही. उपाय दोन, एक तर लुआच सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करा, मग ती एक्सेप्शन वापरते, नाहीतर एरर फेकायच्या आधी असले ऑब्जेक्ट आतल्या ब्लॉकमधे संपवून घ्या. तुमची स्वतःची एक्सेप्शन्स पण बाहेर सांडू देऊ नका, सीमेवरच पकडायची आणि लुआची एरर करून पुढे द्यायची.

बाहेरच्या लोकांचा कोड असेल तर सगळ्या लायब्ररी एकदम उघडू नका, ओएस आणि आयओ दिलंत की तो फाइल पुसू शकतो. आणि कुणी न संपणारा लूप लिहिला तर? काउंट हुक लावा, ठराविक इतक्या इन्स्ट्रक्शन झाल्या की तुमचं फंक्शन बोलावलं जातं, तिथून एरर फेकून थांबवा.

प्रश्न : हळू चालणारं एक फंक्शन सी मधे लिहिलं आणि पायथनमधून बोलावलं, तर प्रोग्रॅम आधीपेक्षा जास्त हळू झाला. सी फास्ट असतं ना?? आणि थ्रेड वापरले तर जीआयएल आड येईल का?

उत्तर : सी फास्ट आहे, ये-जा महाग आहे. तुमच्या पत्रातला कोड बघितला, लूप पायथनमधे आणि आत एकेका आकड्यासाठी सी चा कॉल. प्रत्येक कॉलला पायथनचा ऑब्जेक्ट उघडा, आतला आकडा काढा, सी कडे द्या, उत्तराचा परत ऑब्जेक्ट बनवा, आणि आत काम काय तर एक गुणाकार. लूपच सी मधे न्या, नमपायचा अ‍ॅरे एकदाच द्या, पॉइंटर आणि लांबी. फक्त अ‍ॅरे सलग आहे ना ते बघा, कारण 'दर दुसरा घटक' असा तुकडा काढलात तर नमपाय कॉपी करत नाही, मूळ मेमरीवरच उड्या मारतं, आणि तुमच्या सी ला त्या उड्या माहीत नसतात, ते शेजारचा आकडा उचलतं. एरर येत नाही, उत्तर चुकतं. आधी कंटिग्युअस, म्हणजे सलग, करून घ्या, आणि टाइप फ्लोट६४ च आहे याचीही खात्री करा.

थ्रेडचं विचारलंत, तर सीटाइप्सची नेहमीची पद्धत कॉल चालू असताना जीआयएल सोडते, स्वतः लिहिलेलं एक्स्टेन्शन मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय सोडत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ पासून जीआयएल नसलेलं वेगळं बिल्ड पण मिळतं, पण तुमच्या प्रॉब्लेमशी त्याचा संबंध नाही, आधी तो लूप हलवा.

प्रश्न : सरांचा जुना फोर्ट्रान कोड पायथनमधून वापरायचाय. सगळा परत लिहू का?

उत्तर : अजिबात नको! चालणाऱ्या जुन्या फोर्ट्रानला हात लावायचा नसतो. नमपायसोबत एफटूपाय येतं, ते सबरूटिन वाचून मॉड्यूल बनवून देतं. एकच लक्षात ठेवा, फोर्ट्रान मॅट्रिक्स कॉलमने साठवतं आणि नमपाय, वेगळं सांगितलं नाही तर, रोने, त्यामुळे मोठा मॅट्रिक्स दिलात की गुपचूप कॉपी होते. अ‍ॅरे बनवतानाच ऑर्डर 'एफ' द्या.

प्रश्न : मी या भानगडीत पडलोच नाही. सी चा प्रोग्रॅम वेगळा चालवतो आणि पायथनमधून पाइपने बोलतो. पण दोन त्रास आहेत, एक म्हणजे टर्मिनलवर छान चालणारा प्रोग्रॅम पाइपमधे गप्प बसतो, आणि दुसरं, इंग्रजी मजकूर नीट जातो पण मराठी अर्धवट कापला जातो.

उत्तर : खरं सांगू? बऱ्याच जणांना मी हेच सुचवतो. सी क्रॅश झालं तरी पायथन जिवंत राहतं, पॉइंटरची कटकट नाही.

गप्प बसण्याचं कारण बफर. आउटपुट टर्मिनलला जात असेल तर ओळ संपली की बाहेर पडतं, पाइपला जात असेल तर बफर भरेपर्यंत आतच साठतं. तो तुमच्या पुढच्या ओळीची वाट बघतोय, तुम्ही त्याच्या उत्तराची, दोघं पहले आप पहले आप. प्रत्येक उत्तरानंतर एफफ्लश (बफर लगेच बाहेर ढकलणारं सी चं फंक्शन) टाका, पायथनच्या बाजूने लिहिल्यावरही फ्लश करा. एरर आउटपुटसाठी वेगळा पाइप घेतला असेल तर तोही वाचत राहा, लिनक्सवर पाइपमधे साधारण ६४ केबी मावतं, ते भरलं की समोरचा लिहिता लिहिता अडकतो.

मराठीचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही आधी लांबी पाठवता आणि मग मजकूर, आणि लांबी काढता पायथनच्या लेन फंक्शनने. पायथनला 'नमस्ते' ची लांबी ६ वाटते, कारण तो न, म, स, हलन्त, त, मात्रा असे मोजतो. सी कडे मात्र यूटीएफ ८ चे बाइट्स जातात आणि देवनागरीत यातल्या प्रत्येकाला ३ लागतात, म्हणजे १८. सी प्रामाणिकपणे ६ बाइट्स वाचून थांबतं आणि हातात 'नम' उरतं. आधी एनकोड करा, मग त्या बाइट्सची लांबी मोजा आणि ती पाठवा.