पहिली रेगे रेकॉर्ड घेताय? मग लायसियमपासून सुरुवात करा

रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, पहिल्यांदाच रेकॉर्डवर ऐकायला बॉब मार्ली आणि द वेलर्सचा ‘लाइव्ह!’ हा अल्बम घ्यायचं ठरवलं असेल, तर फार छान. जुलै १९७५मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. मूळ रेकॉर्डवर सातच गाणी आहेत. २०१६मध्ये १७ आणि १८ जुलैचे दोन्ही कार्यक्रम तीन रेकॉर्डच्या संचात आले. तो संच मोहात पाडतो, पण तुम्ही आधी एकच रेकॉर्डवाली आवृत्ती घ्या. सात गाण्यांचा तो क्रम अंगात भिनू द्या, मग दोन रात्रींची तुलना करण्यात खरी मजा येते.

‘१८० ग्रॅम’ या रेकॉर्डच्या वजनाच्या शिक्क्यावर भुलू नका. जाड रेकॉर्ड म्हणजे चांगला आवाज असं नसतं. घरी आणल्यावर ती वाकडी तर नाही ना, भोक मधोमध आहे ना, तेवढं पाहा.

आणि स्पीकर टर्नटेबलच्या फळीवर अजिबात ठेवू नका! रेगेचा जीव बासमध्ये, म्हणजे खालच्या सुरांत, असतो. वेलर्सचा बास गिटारवादक ॲस्टन बॅरेट याचा बास फळी हलवतो, ती थरथर सुईत शिरते आणि सगळा आवाज घुमायला लागतो. मी कित्येक महिने रेकॉर्डलाच दोष देत होतो. स्पीकर वेगळ्या स्टुलांवर ठेवले आणि ड्रमवादक कार्लटन बॅरेटचा तिसऱ्या मात्रेवरचा ठोका पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

‘नो वुमन, नो क्राय’च्या सुरुवातीला ऑर्गनच्या सुरांवर प्रेक्षकच गायला लागतात. तिथे आवाज थोडा वाढवा.